अण्णांची टपावरची पेटी

बेळगावात मला खोली मिळाली ती केवळ मी गणित शिकवते म्हणून. त्याआधी तीन घरमालकांनी नकार दिला होता. एकाला एकटी बाई नको होती, दुसऱ्याला मासे खाणारी नको होती आणि तिसऱ्याने कारण सांगायचेही कष्ट घेतले नव्हते. अण्णांनी मात्र माझं नाव-गाव विचारायच्या आधीच विचारलं, दोनशेचं वर्गमूळ किती. मी म्हटलं, चौदा पूर्णांक चौदा शतांश. "चौदा शतांश आणि पुढं थोडं," असं म्हणून ते किल्ली आणायला आत गेले. घरात मासे शिजवायचे नाहीत एवढी एकच अट. ते चिकोडीकडचे जैन. त्यांच्या घरात कांदासुद्धा विचारून यायचा.

एजंटाने खोली बारा बाय दहा सांगितली होती. अण्णांनी माझ्यासमोर टेप लावला. लांबी अकरा फूट दहा इंच भरली आणि रुंदी नऊ फूट अकरा. ते म्हणाले, नंतर कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं, आता ठरवा. मी हसले, तर त्यांना ते आवडलं नाही. मापात हसण्यासारखं काय असतं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

नोकरीची सगळी वर्षं ते वजनमापांचे निरीक्षक होते. चिकोडीपासून खानापूरपर्यंत त्यांची जीप बाजारात शिरली की तागड्या पोत्यांखाली जायच्या असं काकी सांगायच्या. निवृत्त झाल्यावर जीप गेली, पण अर्ध्या किलोचं पितळी वजन पिशवीत राहिलं. भाजी घेताना ते आधी बाईच्या पारड्यात आपलं वजन ठेवत, काटा मध्ये येईपर्यंत बघत आणि मग मेथीकडे वळत. तोवर मेथी दुसऱ्याने नेलेली असे. काकी मला जिन्याखालून हळूच हाक मारायच्या, "तू जा गं आज मंडईला. ह्यास्नी पाठवलं की निस्तं वजन घरी येतंय."

काकी म्हणजे अण्णांची बायको. गोल चेहरा, हळू बोलणं आणि दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रियेचे लांब व्रण. जमिनीवर बसणं त्यांना कायमचं बंद झालं होतं. चालताना वॉकर, बसायला पायांची घडी होणारी उंच खुर्ची, पलंगाला टेकवायचा एक लाकडी पाट आणि पायाखाली घ्यायचं जाड लोड. इतकं सगळं जवळ असेल तर त्या आनंदात असत. पण हे घेऊन कुणाच्या घरी जाणार? अडीच वर्षं त्या फाटकाबाहेर पडल्या होत्या त्या फक्त डॉक्टरकडे. माहेर सदलग्याला, शंभर किलोमीटरवर. फोन रोज व्हायचा. जाणं नाही.

अण्णांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा सगळ्या गल्लीला वाटलं, म्हातारा पेट्रोल वाचवायला निघालाय. खरं कारण वेगळं होतं. जाहिरातीत छापलं होतं की एका चार्जिंगमध्ये गाडी अमुक इतके किलोमीटर जाते. "छापलेला आकडा म्हंजे दुकानदारानं सांगितलेलं वजन," अण्णा मला म्हणाले. "तपासल्याबिगर मानायचं न्हाय." आणि तपासायला गाडी घ्यावीच लागते.

तर ते तपासायला लागले, आणि मी गणिताची असल्यामुळे मागच्या सीटवर वही घेऊन बसायला लागले. दर रविवारी सकाळी हायवेने हत्तरगीपर्यंत जायचं आणि परत. एसी बंद. काचाही बंद, कारण उघड्या काचेतून वारा शिरला की गाडी जास्त वीज खाते. फाल्गुनातल्या उन्हात अण्णा ओला टॉवेल डोक्यावर घेऊन गाडी चालवत आणि मला दुसरा टॉवेल देत. वेग पंचावन्न. उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून जात. एकदा एका ट्रॅक्टरवाल्याने खुणेनेच विचारलं, ओढून नेऊ का? अण्णांनी त्याला हात जोडून नको म्हटलं आणि मला वहीत वेळ लिहायला सांगितली.

महिन्याभराने निकाल लागला. छापील आकड्यापेक्षा गाडी बरीच कमी जात होती. मला वाटलं ते चिडतील. उलट त्या दिवशी त्यांनी काकींना सांज्याची पोळी करायला सांगितली. आपला संशय खरा ठरला की त्यांना भूक लागायची.

मग एका शनिवारी टेम्पोतून एक लांबलचक काळी पेटी आली. गाडीच्या टपावर बसवायची, कुलूप असलेली, माणूस आडवा झोपेल एवढी. अण्णा म्हणाले, प्रयोगासाठी मागवलीय. काकी खिडकीतून बघत होत्या. दुपारी मी खाली गेले तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "माझी खुर्ची बसंल का गं तिच्यात?" मी अंगणात आले. अण्णा खुर्चीचे पाय दुमडून तिला टेप लावत होते, आणि मला बघताच त्यांनी टेप पेटीच्या झाकणाला लावला.

पेटी बसवली आणि पहिल्याच रविवारी गाडीची रेंज धाडकन खाली आली. जवळजवळ चौथाई गेली. पेटी तर रिकामी होती. अण्णा गाडीभोवती दोनदा फिरले. अर्धा-पाऊण मणाचं ते प्लास्टिक, त्याने एवढं कसं खाल्लं? त्यांच्या उभ्या आयुष्यात जे काही कमी भरलं ते वजनाच्या लबाडीने. इथे वजनच नव्हतं.

मी त्यांना म्हटलं, अण्णा, हा वारा आहे. गाडी हवेला बाजूला सारत जाते, पेटीमुळे सारायची हवा वाढली, आणि वेग वाढवाल तसा हा खर्च भसाभसा वाढत जाणार. ते म्हणाले, दिसल्याशिवाय कसं मानायचं. वारा दिसत नाही ही वाऱ्याची लबाडी त्यांना सहन होईना.

म्हणून त्यांनी पेटीला जागोजागी लाल लोकरीचे वीत-वीतभर धागे चिकटवले. ते गाडी चालवणार, मी शेजारून स्कूटरवर जाणार आणि धागे कुठे सरळ उडतात, कुठे गरगरतात ते डोक्यात ठेवणार. रस्ता कंग्राळीचा, कारण सकाळी तिथे रहदारी कमी. आम्ही निघालो. पुढे काळी लांब पेटी, तिला लाल धागे, चाळीसचा वेग, आणि शेजारून पेटीकडे टक लावून चाललेली एक बाई. रताळ्याच्या शेतात काम करणारी माणसं उभी राहिली. एका आजोबांनी डोक्याचा टॉवेल काढून हात जोडले. पुढच्या वळणावर एकाने गाडी थांबवून हलक्या आवाजात विचारलं, कोण गेलं?

"कोण न्हाय गेलं," अण्णा म्हणाले. "वारा बघतोय."

त्या माणसाने पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुःखात माणूस असं बोलतोच अशा समजुतीने तो बाजूला झाला.

पेटीच्या मागच्या टोकाला धागे वेड्यासारखे गरगरत होते. मी ते सांगितल्यावर अण्णांचं समाधान झालं. चोर सापडला होता. तरी वजनावरचा संशय पुरता जात नव्हता, म्हणून पुढच्या सुट्टीत त्यांनी मला माझ्या गावी जांबोटीला सोडायचं ठरवलं. जाताना पेटी रिकामी ठेवायची आणि येताना भरून आणायची. आमच्या जांबोटीला बस कधी येईल ते बसलाही माहीत नसतं, त्यामुळे माझे वडील अण्णांवर फार खूश झाले आणि त्यांनी पेटीत पाच फणस घातले. अण्णांनी प्रत्येक फणस ताणकाट्याला टांगून मोजला. वडिलांना वाटलं, पाहुणे विकत घेतायत की काय. ते हिरमुसले. मी त्यांना बाजूला नेऊन समजावलं.

परत आल्यावर वही बघितली. दोन्हीकडच्या आकड्यांत फरक होता, पण तो नावापुरता. आणि तोही कुठे, तर चढावर. "ओझं चढावर खातंय आणि उताराला थोडं परत देतंय," अण्णा त्या दिवशी जिन्याच्या पायरीवर बसून म्हणाले. "वारा खाल्लेलं परत देत न्हाय." त्यानंतर गल्लीत कुणाच्याही गाडीच्या टपावर रिकामं कॅरियर दिसलं की ते दार वाजवत आणि काम नसताना ते काढून ठेवायला सांगत. लोक हो म्हणत आणि काढत नसत. अण्णांची पेटी मात्र प्रयोग नसेल त्या दिवशी खाली उतरायची. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी, आणि खिडकीतून काकींची सूचना की भिंतीचा रंग जपा.

या सगळ्यात पेटी जिच्यासाठी आली होती ती खुर्ची एकदाही तिच्यात बसली नव्हती.

मग सदलग्याहून तो फोन आला. काकींच्या थोरल्या बहिणीला सगळे मोठ्या आक्का म्हणत. त्या लग्नानंतर चार वर्षांत विधवा झाल्या, माहेरी परतल्या आणि भाऊ नसल्याने वडिलांची सगळी शेती त्यांनीच केली. आईच्या माघारी काकींना वाढवलं तेही त्यांनीच. आता पंच्याहत्तरीत त्या आर्यिका दीक्षा घेणार होत्या, म्हणजे जैन साध्वी होणार होत्या. सोमवारी सकाळी दीक्षा. म्हणजे रविवारी घरातलं शेवटचं जेवण, तेही सूर्य मावळायच्या आत, कारण त्यांच्यात नंतर जेवत नाहीत, मग दीक्षा घेणारीची भरतात ती ओटी, सगळ्यांची क्षमा मागणं. सोमवारनंतर घर नाही, जमीन नाही, नाव बदलणार. त्या कुणाच्या बहीण उरणार नव्हत्या.

काकींनी फोन ठेवला आणि वॉकर धरून उभ्या राहिल्या. "मी जानार," एवढंच म्हणाल्या. अण्णा म्हणाले, पेटी हाय की.

शनिवारी रात्री वळीव आला. झाडं पडली, तारा तुटल्या आणि पहाटेपासून वीज गेली. गाडी निम्म्याच्या थोडी वर चार्ज झाली होती. काकी सकाळी सातलाच जरीची साडी नेसून हॉलमधल्या खुर्चीवर बसल्या, मांडीवर सांज्याच्या पोळ्यांचा डबा घेऊन. अण्णा दर पाच मिनिटांनी बटण दाबून बघत. वैशाखातला लग्नाचा रविवार, भाड्याची एकही गाडी मोकळी नव्हती. मी पाच ठिकाणी फोन केले. दुपार झाली.  काकींनी डबा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला. ते बघून अण्णा उठले आणि म्हणाले, चला. निपाणीच्या अलीकडे एका हॉटेलात चार्जिंग होतं. तिथवर पोचू, पुढचं तिथून.

खुर्ची, वॉकर, पाट, लोड असं सगळं पेटीत गेलं. ओटीचं सामान काकींनी पायाशी घेतलं. तीन वाजता निघालो. वारा समोरून होता. वळिवाने हवा स्वच्छ झाली होती आणि हायवेवरचे सगळे झेंडे आमच्याकडे तोंड करून फडफडत होते. अण्णांनी पन्नासच्या वर वेग नेला नाही. कमी वेगाने गेलं तर वीज उरणार, पण सूर्य थांबणार नव्हता. वेग वाढवला तर वेळ उरणार, पण वीज नाही. मी मागे बसून दर पाच किलोमीटरला भागाकार करत होते आणि दर भागाकार आधीच्यापेक्षा वाईट येत होता. काचा बंद. काकींच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी माझ्याकडून वही मागून घेतली आणि तिने वारा घेतला. अण्णांनी ते पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर ठेवली. त्या वहीला आमच्या दोघांशिवाय कुणी हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

संकेश्वर मागे पडलं. हॉटेल आलं. चार्जिंगचा खांब होता, पण वीज तिथेही नव्हती. वळिवाने अख्खा पट्टाच झोपवला होता. गल्ल्यावरच्या माणसाने सांगितलं, संध्याकाळी येईल, नाहीतर उद्या. अण्णा बाहेर जाऊन पेटीकडे बघत उभे राहिले. काकी आतूनच म्हणाल्या, "ती हितंच ठेवा आणि चला. माझं मी बघीन." अण्णा म्हणाले, रात्री तू बसणार कशावर. आणि त्यांनी गाडी काढली.

तवंदीचा घाट उतरताना आकडा दोनने वाढला. उतारावर गाडी स्वतःच थोडी वीज परत मिळवते. तेवढ्यातही अण्णांनी मला तो लिहून घ्यायला सांगितला, पण वही काकींकडे होती. निपाणीत शिरलो तेव्हा पाच वाजायला आले होते. पुढे अठ्ठावीस किलोमीटर, गाडी दाखवत होती चोवीस. मी मांडीवर बोटाने हिशोब केला. पेटी काढली तर एकोणतीस-तीस होतील. पेटीसकट पोचणार नाही.

रस्त्याकडेला तंबाखूच्या एका वखारीचं फाटक उघडं दिसलं. अण्णांनी गाडी आत घातली. पांढऱ्या सदऱ्यातला सत्तरीचा एक माणूस बाजल्यावरून उठला. ते वखारीचे मालक. अण्णा म्हणाले, एक पेटी आणि थोडं सामान उद्यापर्यंत ठेवून घ्याल का. मालकांनी त्यांचं तोंड नीट निरखून पाहिलं.

"सायेब, तुमी माझा काटा न्हेलता जप्त करून," ते म्हणाले. "ध्यानात हाय?"

"हाय," अण्णा म्हणाले. "फरक कितीचा हुता?"

"शंभर किलोला अडीचशे ग्रॅम."

"तीनशे," अण्णा म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले. काकींनी गाडीत कपाळाला हात लावला. सूर्य वखारीच्या पत्र्यावर उतरला होता, आम्हाला या माणसाची गरज होती, आणि अण्णांना पन्नास ग्रॅम सोडवत नव्हते.

मालकांनी मिशीवरून हात फिरवला. "तीनशेच," ते म्हणाले. "तुमी इसरलाय का ते बघत हुतो."

मग ते हसले. पण वखारीत वजन केल्याशिवाय काही ठेवत नाहीत असंही त्यांनी शांतपणे सांगितलं. दोन हमालांनी पेटी आणि टपावरचे आडवे दांडेसुद्धा काढले आणि सगळं काट्यावर ठेवलं. अण्णांच्या हाताला राहवेना. त्यांनी पारडं हलकेच दाबून सोडलं, काटा कुठे येऊन थांबतो ते वाकून बघितलं, पिशवीतलं पितळी वजन वर ठेवून फरक पाहिला. काकी काचेआडून हाताने चला चला करत होत्या. "बरोबर हाय काटा," अण्णा शेवटी म्हणाले. मालकांनी दोघा हमालांना जवळ बोलावलं आणि तेच वाक्य अण्णांना पुन्हा म्हणायला लावलं.

कशासाठी एवढी घाई हे कळलं तेव्हा मात्र मालकांचा चेहरा बदलला. पेटी इथे का ठेवता, ते म्हणाले, माझा टेम्पो रिकामी पोती घेऊन तिकडेच निघालाय, सदलग्यात उतरवतो. गाडी वाटेत बंद पडली तर काकींना न्यायला तो बरोबर असावा म्हणून आम्ही थांबलो, आणि पोत्यांची बांधाबांध होईपर्यंत पावणेसहा झाले. टेम्पो पुढे निघाला. पाठीवर पोत्यांचा ढीग, त्यावर आमची काळी पेटी. अण्णा क्षणभर बघत राहिले आणि मग गाडी त्याच्या मागे लावली. "त्यो वारा फोडतोय," ते म्हणाले. "आपण त्याच्या आडोशाला." मी ओरडले की आम्ही मरू. मग तडजोड झाली. अंतर मी सांगेन तेवढं, वेग चाळीस. एवढ्या अंतरावरून आडोसा कितीसा मिळाला असेल हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही. पण रस्त्याकडेच्या उसाचे शेंडे आमच्याकडे वाकत होते आणि आकडा हळू उतरत होता, हे खरं. काकींची मान पूर्ण वेळ डावीकडे होती. डाव्या हाताला सूर्य होता.

सदलग्याच्या वेशीत आकडा शून्यावर आला. पुढच्या वळणावर शून्यही गेलं आणि दोन आडव्या रेघा उमटल्या. गाडी चालतच होती. अण्णांचा चेहरा उजळला. "ह्यांचं शून्यबी खोटं हाय," ते पुटपुटले. "खाली राखून ठेवलंय थोडं."

दारात मांडव होता आणि मांडवात मोठ्या आक्का उभ्या होत्या. पांढरी साडी, काटकुळ्या, पाठ ताठ. भाऊबंदांच्या लेकीसुना त्यांना मघापासून जेवून घ्या म्हणत होत्या. धाकटी आल्याशिवाय नाही, आणि मावळायच्या आत आली नाही तर उपास, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. टेम्पोतली पेटी आधी उतरली. ती उघडून खुर्ची मांडायला अण्णांना अर्धं मिनिट लागलं. त्यांनी तिचे पाय पानासमोर बरोबर टेकवले, हलवून बघितले आणि काकींना बसवलं. मोठ्या आक्का खाली पाटावर, काकी वर खुर्चीवर, त्यामुळे घास भरवायला काकींना कमरेतून वाकावं लागत होतं, पण गुडघे मोडावे लागत नव्हते. सांज्याच्या पोळीचे तुकडे त्या बहिणीच्या तोंडात घालत होत्या. दोघी रडत नव्हत्या. मोठ्या आक्का मध्येच म्हणाल्या, गूळ कमी पडला, आणि काकी म्हणाल्या, तुझाच हात हाय माझ्या हातात. समोरच्या भिंतीवर ऊन होतं. शेवटचं पाणी पिऊन त्यांनी हात जोडले तेव्हाही ते होतं, वर कौलांशी.

ओटी भरून झाली आणि त्या एकेकाची क्षमा मागायला लागल्या. गडी, शेजारी, भाऊबंदांच्या सुना. मलाही हात जोडले, मी तर त्यांना तासापूर्वी भेटले होते. मग अण्णांसमोर आल्या.

"पाव्हणं, तुमचं स्थळ आलं तवा मी वडलांना नको म्हनून सांगितलं हुतं. ह्यो मानूस माझ्या भनीला तोलून-मापून वागवंल म्हनलं हुतं. आठ दिस अडवून धरलं. मला क्षमा करा."

 अण्णांनी बोटांवर दिवस मोजले.

"आठ व्हय," ते म्हणाले. "निरोप नवव्या दिवशी आलता. मला चाळीस वर्षं त्याचा उलगडा हुत न्हवता."

सगळे हसले. काकी तर खुर्चीचा हात धरून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. अण्णा हसले नाहीत. ते तसेच उभे राहिले, चष्मा काढला, पुसला. मग हात जोडून म्हणाले की त्यांचीही एक चूक आहे. लग्नानंतर पहिल्यांदा या घरी आलो तेव्हा पडवीत धान्य मापायची पायली दिसली. कुणी नसताना ती मोजली. चिपटंभर, म्हणजे पाव शेर, कमी भरली. जप्त करायची, तर सासरचं घर. सोडून द्यायची, तर नोकरी कशासाठी करायची. त्यांनी सोडली. दुसऱ्या कुणाचं एवढंसं माप त्यांनी कधी सोडलं नव्हतं. "त्याच पायलीनं तुमी गड्यास्नी धान्य घालत हुता," ते म्हणाले. "बोललो न्हाय. मला क्षमा करा."

 काकींनी नवऱ्याकडे पाहिलं ते मला आठवतं. चाळीस वर्षांत हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मोठ्या आक्का शांतपणे म्हणाल्या, "ती बुडाला चेपली हुती, पाव्हणं. मला ठावं हुतं. म्हनून मी दर पायलीला वरनं एक ओंजळ घालायची."

अण्णांनी दोन्ही हात पुढे घेतले, ओंजळ केली आणि कौलाखालच्या उरल्यासुरल्या उजेडात तिच्यात डोकावून बराच वेळ पाहिलं.

"चिपटं बसतंय," ते म्हणाले.